वर न्या, मी म्हणालो

माझी कारकीर्द सांगायला बसलो की घरातले लोक चहा टाकायला उठतात, म्हणून लवकर उरकतो. तरुणपणी हवाई दलात हेलिकॉप्टर उडवलं, पुरात अडकलेली माणसं छपरांवरून उचलली. निवृत्तीनंतर राज्याच्या गृहरक्षक दलात जिल्हा समादेशक झालो, म्हणजे मिरवणुकीच्या कडेला शिट्ट्या फुंकणाऱ्यांचा सेनापती. आणि आता शारजात, अल नहदा भागातल्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी गार्डांचा साहेब. आकाशातून पार्किंगपर्यंत सुखरूप लँडिंग, असं बायको म्हणते.

त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आम्ही राहत होतो. बायको, मुलगी, मी आणि आई. आईची फुप्फुसं थकलेली. ऑक्सिजनचं मशीन तिच्या पलंगाशी सतत घरघरत असायचं. तिचा श्वास विजेवर चालायचा म्हणा ना.

एका सकाळी उठलो तर रस्त्याचा कालवा झालेला. इथे पडत नाही असा पाऊस पडून गेला होता. बेसमेंट भरलं आणि विजेची खोली नेमकी बेसमेंटमध्ये. दिवे गेले, लिफ्ट बंद पडली, मशीन गप्प झालं. उरला एक छोटा सिलिंडर.

मी अँब्युलन्सला फोन लावला. "मदद आ रही है, इन्शाल्ला," पलीकडचा माणूस म्हणाला आणि लाइन तुटली. पुन्हा लागलीच नाही.

मदत येतेय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं. माझ्या आयुष्यात मदत नेहमी वरून आली, कारण ती घेऊन येणारा मीच असायचो.

"गच्चीवर न्या," मी म्हणालो.

माझा सुपरवायझर रायगडातला, दोन गार्डांना घेऊन धावत वर आला होता. "साहेब, वर?"

"वर. यल्ला!"

माझा हुकमाचा आवाज असा आहे की पुढे कोणी विचारत नाही. तो कमावण्यात उमेदीची वर्षं गेली.

डायनिंगच्या खुर्चीत आईला जुन्या साडीने बांधलं. तिघांनी खुर्ची उचलली, सिलिंडर मी धरला, मुलगी मोबाइलचा टॉर्च दाखवत पुढे. जिन्यात कोंदट काळोख. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती.

"अरे, स्वर्गात नेतोयस का?" आई मास्कमधून धापा टाकत म्हणाली. "आधी सांगायचंस. बरं लुगडं नेसले असते."

गार्ड हसले. मीही.

गच्चीचं दार ढकललं आणि हसू विरलं. डिश अँटेना, एसीचे खोके, पाण्याच्या टाक्या, जिकडेतिकडे वायरी. ढग डोक्यावर टेकलेले. वर घिरट्या घालणारा पायलट मी असतो तर ही गच्ची बघून लांबूनच वळलो असतो. आणि हेलिकॉप्टर मागवलं होतं कोणी? फोनवर 'वर थांबा' असं कोणी म्हटलंच नव्हतं. ते सगळं माझ्या डोक्यात होतं.

सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आला होता.

"बाबा, हर लिप्स आर ब्लू," मुलगी म्हणाली. "हू इज कमिंग?"

तेवढ्यात सुपरवायझरचा वॉकीटॉकी खरखरला. जवळच्या पुलाच्या चढावर अँब्युलन्स उभ्या आहेत, खालचा गार्ड सांगत होता. माणसं तिथवर आणावी लागतील.

"खलास," मी म्हणालो. "खाली."

आता अख्खी बिल्डिंग उतरायची होती. गार्डांनी हात बदलून खुर्ची पुन्हा उचलली. आमच्या दाराशी बायको येऊन मिळाली. तिने आईचा हात धरला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. आईने आता थट्टा बंद केली होती, आणि तेव्हा मी खरा घाबरलो.

लॉबीत कमरेएवढं पाणी. गार्डांनी कुणाच्या तरी लेकराची रबरी होडी फुगवून ठेवली होती, गुलाबी, कडेला बदकं छापलेली. तीत आईला झोपवलं आणि सगळे ढकलत निघालो. अर्ध्या वाटेत सिलिंडर संपला. तिच्या तोंडावरचा मास्क मी काढला, त्यात आता काही नव्हतं.

अँब्युलन्समध्ये सोबत एकालाच बसू देत होते.

"अहो, तुम्ही जा," बायको म्हणाली.

"साहेब," सुपरवायझर मागून हळूच म्हणाला, "सतराव्या मजल्यावर एक गरोदर बाई आहे. दिवस भरलेत तिचे."

मी बायकोला आत बसवलं. दार लागलं, गाडी गेली. "तूच सांग कसं करायचं," मी सुपरवायझरला म्हणालो आणि होडीची दोरी धरली. त्या बाईला त्याने आणि गार्डांनी उतरवलं. मी फक्त दोरी ओढली.

आई तेव्हापासून व्हेंटिलेटरवर आहे. शुद्ध नाही. डॉक्टर रोज बाजूला घेऊन सांगतात, मशीनवर किती दिवस ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी अजून काही सांगितलेलं नाही.