चौथं घर मुलुंडचं

माझ्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं मी आगगाडीच्या वाटेवर आखली, आणि तेवढ्यावरून माझे थोरले बंधू कन्यादानाला बसायला नकार देऊन मोकळे झाले. आज एवढ्या वर्षांनी हे लिहिताना मला राग येतोच आहे. तो एकट्या त्यांच्यावर असता तर लिहायला बसलोच नसतो.

माझी पत्नी वारली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मला नोकरी, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून दोन वर्षं ती मुलुंडला माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे राहिली. वहिनीने तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं. पुढे मी तिला अंधेरीला घेऊन आलो तरी ती वहिनीला ‘मोठी आई’ म्हणत राहिली. लग्न ठरलं तेव्हा भटजींनी सांगितलं की एकट्या पुरुषाने कन्यादान करायचं नाही, नवराबायको जोडीने बसली पाहिजेत. मुलगी लगेच म्हणाली, ‘मोठी आई आणि अण्णाच बसतील.’ यात विचारण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

मी ज्या कचेरीत होतो तिथे माझं कामच मुळी माल कोणत्या वाटेने कमी हेलपाट्यांत पोचेल हे ठरवण्याचं होतं. तीच बुद्धी मी आमंत्रणांना लावली. आमचे नातेवाईक सगळे उपनगरांत पांगलेले. मी असा बेत केला: अंधेरीहून वांद्रे, तिथून हार्बरच्या गाडीने वडाळ्यावरून कुर्ला, कुर्ल्याला मावशी. मग मानखुर्दच्या गाडीने चेंबूरला उतरून माहुल. परत कुर्ला, घाटकोपरला आत्येभाऊ, मुलुंडला अण्णा. तिथून उलट दादरला येऊन पश्चिमेची गाडी, बोरिवलीला काकू, आणि रात्रीपर्यंत अंधेरीत परत. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये डोंगर आहेत, रूळ नाहीत, म्हणून ते वर्तुळ दादरपाशी चेपल्यासारखं झालं होतं. तरी एकदा गेलेल्या स्टेशनावर फारसं पुन्हा जायचं नाही, एका रविवारात काम संपवायचं, याचा मला अभिमान वाटत होता.

बरोबर धाकटी बहीण येणार होती. बायकांना हळदकुंकू लावायला सवाष्ण लागते, आणि माझ्या घरात सवाष्ण नव्हती. तिने बेत ऐकला आणि हातातली सुपारी तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

‘दादा, देवाला अक्षत दिली की पहिलं बोलावणं अण्णांना. हे तुला मी सांगायचं?’

मी म्हटलं, आधी मुलुंड गाठायचं म्हणजे दादरवरून पूर्ण टोकाला जायचं, मग उलट कुर्ल्याला यायचं, वर्तुळाची वाट लागते.

‘लागू दे की. वर्तुळाला कोण जेवायला घालतंय?’

मी हसलो. अण्णा शिकलेले आहेत, त्यांना समजेल, असं म्हणालो. त्यांना समजवायला आधी एक पोस्टकार्ड टाकावं हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

कुर्ल्याला मावशीने चहा दिला, मुलीसाठी चोळीचा खण दिला. माहुलला आम्ही चालत गेलो. तिथे तेलाच्या कारखान्याची कामं निघाली होती, रस्ताभर लॉऱ्यांची धूळ. आमच्याकडे बायकोच्या वेळेपासून मासे आणणारी कोळीण तिथे राहायची. बायको गेल्यावर दोन महिने तिने माशांचे पैसे मागितलेच नाहीत, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं, बहिणीने सांगितलं तेव्हा कळलं. तिला आमंत्रण घरी जाऊनच करायचं हा मुलीचा हट्ट होता. तिने आम्हाला बसायला नवी चटई अंथरली, कुंकू लावून घेतलं, आणि नवरामुलगा बोंबील खातो का एवढंच विचारलं. घाटकोपरला आत्येभावाने जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मुलुंडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अण्णा पडवीत आरामखुर्चीत होते. बहिणीने पाटावर नारळ, पत्रिका आणि अक्षता ठेवल्या. अण्णांनी विचारलं, जेवलास कुठे? मी सांगितलं, घाटकोपरला. आणि तेवढ्यावर न थांबता मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बोट फिरवून सगळा बेत समजावून सांगायला लागलो. वांद्रे, वडाळा, कुर्ला, चेंबूर, माहुलची कोळीण. मला वाटत होतं ते वाखाणतील.

‘म्हणजे आमचं घर चौथं.’

मी म्हटलं, वाटेवर तसं आलं.

‘वाटेवर आलं म्हणून आलास. वाटेवर नसतं तर?’ आणि मग शांतपणे म्हणाले, ‘कोळणीच्या दारात आधी नारळ ठेवलास आणि मग कन्यादान करणाऱ्याच्या. असलं कन्यादान तिच्याकडूनच करून घे.’

तिथे माझा तोल गेला. मी म्हणालो, तुमच्यापेक्षा तिने माझ्या घराची जास्त काळजी घेतली. हे खोटं होतं. माझी मुलगी दोन वर्षं याच पडवीत खेळली होती, आणि मी ते त्यांच्याच तोंडावर पुसून टाकलं.

अण्णा उठले नाहीत. त्यांनी अट घातली. पुढच्या रविवारी पहिल्यांदा मुलुंडला यायचं, मग वयाच्या आणि मानाच्या क्रमाने बाकी घरी पुन्हा जायचं, आणि प्रत्येकाला सांगायचं की आधीचं बोलावणं धरू नका. तसं केलं तर ते बसतील. नाहीतर नाही.

मी पाटावरचा नारळ उचलला आणि निघालो.

फलाटावर बाकावर बसल्यावर बहीण म्हणाली, ‘ठेवलेला नारळ कोणी परत उचलतं का रे? अण्णा चुकले ते चुकले. तू तर शुभकार्यच उचलून आणलंस.’ मी तिच्यावरही ओरडलो. मानपान, पाट, क्रम, ह्या सगळ्या फालतू गोष्टींत माणसं आयुष्य घालवतात, असं बरंच बोललो. ती म्हणाली, मग गाडीचा क्रम तरी कशाला एवढा सांभाळलास? बोरिवलीला आम्ही गेलो नाही.

घरी मुलीला सगळं सांगितलं. अण्णांचं बोलणं मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तिलाही राग यावा म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मोठी आई काय म्हणाली?’

मी म्हटलं, ती आत होती.

‘तिला कुंकू लावलंत?’

बहिणीने मान हलवली. लावलं नव्हतं. बोलणं पेटलं आणि वहिनीला हाक मारायचं राहूनच गेलं.

‘मग तिला अजून बोलावणं गेलेलंच नाही,’ मुलगी म्हणाली, आणि आमची पानं घ्यायला उठली. ती जर रडली असती तर मी आणखी भांडलो असतो. तिच्या त्या एका वाक्याशी भांडता येईना.

पुढचा आठवडा मी धुमसत काढला. कचेरीत दोघांना उगाच झापलं. अण्णांना पाठवायचं उत्तर मनातल्या मनात रोज नव्याने जुळवलं. बहीण आणि तिचा नवरा कन्यादानाला बसायला तयार होते, त्यामुळे लग्न अडणार नव्हतं. अडणार होतं ते एवढंच की मुलीला ज्या बाईच्या हातून जायचं होतं ती बाई मांडवात नसणार. रविवारी सकाळी मी बहिणीला म्हटलं, चल, आधी मुलुंड.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. आम्ही उभे राहिलो. तेवढ्यात वहिनी स्वतःच बाहेर आली आणि पाटावर बसली. बहिणीने तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मी नारळ ठेवला. मग ती माझ्याकडे वळून बोलली, हळू, पण अण्णांनाही ऐकू जाईल असं.

‘त्या दिवशी मी आत लुगडं बदलून बसले होते, भावोजी. नारळ ठेवल्याचा आवाज ऐकला, उचलल्याचंही कळलं. तुम्ही दोघांनी एकमेकांचा पाणउतारा केलात. दोन वर्षं त्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, आणि मी बसणार की नाही हे मला ह्यांनीही विचारलं नाही आणि तुम्हीही नाही.’

अण्णांनी पान उलटलं.

‘मी बसणार आहे,’ ती म्हणाली. ‘जोडीला कोण बसतं ते ह्यांनी ठरवावं.’

त्यानंतर दिवसभर आम्ही क्रमाने फिरलो. मुलुंडहून बोरिवली, बोरिवलीहून उलट कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर. त्याच स्टेशनांवर पुन्हा पुन्हा चढलो-उतरलो. आधीचं बोलावणं धरू नका, असं मी मावशीला आणि आत्येभावाला सांगितलं. दोघांनीही मुकाट्याने मान डोलावली, जणू हे व्हायचंच होतं. माहुलला मी गेलो नाही. कोळणीचं पहिलं बोलावणं परत घ्यायला माझी जीभ वळली नसती, आणि अण्णांनी विचारलंच तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

लग्नाला कोळीण आली, पुढच्या रांगेत बसली. अण्णा सोवळं नेसून पाटावर बसले होते, चेहऱ्यावर रेष न हलवता. भटजींनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं. वहिनीने झारीतून पाण्याची धार धरली, अण्णांच्या ओंजळीतून ती मुलीच्या हातावर गेली, आणि मुलगी खाली न बघता सारखी वहिनीकडे बघत होती. तिला हवं होतं ते झालं. सगळे डोळे पुसत होते. मी अण्णांच्या ताठ पाठीकडे पाहत उभा होतो आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की ह्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि वहिनीची माफी मागायचीही अजून राहिली आहे.