आत्याला पतंगाचं नाव विचारलं

किडे-पतंग बघणाऱ्या इथल्या मंडळींना ठाऊकच आहे, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका पतंगाचं वर्णन मी लिहितोय. चाळीसच्या दशकात बेलापूरला आजोबांनी तो कंदिलापाशी पकडून टाचणीला लावला होता. जात नवी निघाली. लेख झालाय, फक्त नाव ठरायचंय.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. म्हणून आज सकाळी त्या पतंगाची डबी घेऊन सावेडीला आत्याकडे गेलो. आजोबांची ही थोरली लेक आता शंभरीला टेकलीय. "नाव तू ठेव," म्हणालो.

"जित्तं हाय का?"

"नाही. त्यानंतर कुणाला दिसलाच नाही."

"मेल्याचं बारसं करत न्हाईत, बाळा. माझं पयलं लेकरू बाराव्या दिसाआधीच गेलं. त्याचं बी नाव राह्यलं."

हे मला माहीत नव्हतं. डबीचं झाकण लावलं.

निघताना तिनं हात धरला आणि त्या लेकरासाठी मनात ठेवलेलं नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

घरी येऊन कधीचा बसलोय. चहा गार झाला. रडूही येत नाही. लेखात नावाची जागा कोरी आहे.

ते नाव तिथं लिहू? की तिनं ते फक्त मला सांगितलंय?