हजेरीचा बोर्ड

आमचा संसार बघायला लोक लांबून यायचे, आणि पोट धरून हसायचे. तमाशात नवरा सोंगाड्या, मी त्याची बायको. बोर्डाखाली, म्हणजे स्टेजवरून उतरल्यावरही तेच नातं. सकाळी पालात झालेलं भांडण पुढच्या खेळात बतावणीच्या थट्टामस्करीत शिरायचंच. फरक एवढाच, की बोर्डावर तो बायकोला चळचळा कापायचा. मी काहीही फर्मावलं की हात जोडून म्हणायचा, "व्हय बाईसाहेब, तुम्ही म्हणाल तसं!" एवढ्यावर शिरूर-दौंडची माणसं गडाबडा लोळायची. पालात मात्र त्याचाच शब्द चालायचा. तिथं मेल्यानं कधी हात जोडले नाहीत.

पोरगी दहा वर्षांची झाली तसा तो म्हणाला, "शिरूरच्या जत्रंत, हजेरीला तिच्या पायात चाळ बांधायचे."

हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाच्या नावानं करायचा खेळ. आमच्या फडातली पोर पहिल्यांदा नाचायची ती हजेरीलाच. आणि एकदा चार लोकांदेखत चाळ चढले की उतरत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. माझे नवव्या वर्षी चढले होते. केडगावच्या मिशनातल्या बाई पोरीला शाळेत ठेवून घ्यायला तयार होत्या. मी नवऱ्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "पुन्यांदा नाव काढलंस तर बघ."

हजेरीच्या सकाळी मी लुगड्याचा काष्टा दोनदा सोडून पुन्हा घातला. पोर चाळ हातात धरून कनातीआड उभी. बतावणी सुरू झाली. पुढं बाजेवर गावचे आबा, मागं नजर जाईल तिथवर माणसं. ठरलेलं बोलणं मी सोडून दिलं.

"अहो, पोरीला नाचवायची न्हाई. आत्ताच्या आत्ता केडगावच्या शाळंत धाडायची. काय म्हंता?"

ढोलकीवाल्याचा हात थांबला. नवरा माझ्याकडं वळला. मला वाटलं, आता हात जोडेल. लोकांपुढं तरी जोडेल.

"न्हाई," तो म्हणाला. "जमायचं न्हाई."

आणि लोक हसले! सोंगाड्या बायकोला नाही म्हणाला, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तसे आणखीच हसले. आबा मांडीवर थाप मारून ओरडले, "आरं, आज गडी वाघ झाला की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं माझ्या पोरीचं वाटोळं होतंय आणि तुम्ही दात काढताय?

मी कनातीआड गेले, तिच्या हातातले चाळ काढून टाकले, आणि तिला ओढत बोर्डावरून थेट लोकांत उतरले. नवरा धावत आला तो बोर्डाच्या कडेलाच थबकला. हजेरी अर्ध्यावर सोडून सोंगाड्या उतरला, तर तो देवाचा अपमान. त्या गावात फडाला पुन्हा पाऊल टाकता येत नाही. मीही देवाचीच हजेरी मोडली होती, त्याची धास्ती मला आजही वाटते.

"अगं, थांब! पाया पडतो तुझ्या!" तो वरून ओरडत होता. आता खरोखर हात जोडत होता. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. "बाईसाहेबांना वाट द्या रं!" म्हणत त्यांनीच आम्हाला वाट करून दिली.

स्टँडवर केडगावच्या वाटेची, चौफुल्याची एसटी लागलेलीच होती. प्रत्येक थांब्याला मी मागं वळून बघत होते. पोर मात्र खिडकीशी बसून मजेत होती, मधूनच माझ्याकडं बघून हसत होती. केडगावात बाईंनी तिला जवळ घेतलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. मला फडातच परतायचं होतं. दुसरं काय येत होतं मला?

फाटकापाशी पोचले तर ती मागून पळत आली. अजून हसतच होती. माझा पदर धरून हळूच म्हणाली,

"आई, लई झालं आता. हितं बतावणी बघाय कुणी न्हाई. चल की पालावर."