न्हाणीच्या पाण्यावरची रोपं

बहात्तरच्या दुष्काळात औंधला माझ्या सासऱ्यांच्या मळ्यातला, शेपूच्या वासाचा शेपू आंबा वाळला. सुदैवाने त्याच्या कोयी बायकोने आधीच घरी आणून डालड्याच्या डब्यांत लावल्या होत्या. चौदा रोपं उगवली. तो आंबा पुन्हा हवा असेल तर हीच जगायला हवी होती.

रहिमतपूरला आमच्या आडात पिण्यापुरतंच पाणी होतं. म्हणून न्हाणीचं सांडपाणी मी परसात दोन खड्ड्यांतून नेलं. पहिल्यात गाळ बसे. दुसऱ्यात खडी, वाळू आणि कोळसा होता. पाणी स्वच्छ निघे, वास मात्र थोडा राही. आठवड्यातून एकदा दहा तांब्यांत एक तांब्या गोमूत्र आणि गुळाचा खडा घालत असे. खत म्हणून नव्हे, मुळांना हुशारी यावी म्हणून.

माझी विधवा आत्या आमच्याकडे राहायची. तिला हे पटेना.

"आंब्याचं पान कलशात ठेवायचं. त्याला आंगुळीचं पाणी घालतोस व्हय रं?"

"गाळून घालतोय, आत्या."

"गाळलं म्हंजी काय गंगा झाली?"

तिने एक डबा उचलून तुळशीजवळ नेला. हे देवाचं रोप. त्याला ती आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी घालू लागली.

चैत्रात आमच्या तेरा रोपांच्या पानांची टोकं करपली. आत्याचं हिरवं होतं.

"आवं, गोमूत्र जास्त हुतंय," बायको म्हणाली.

मी सहा रोपांचं गोमूत्र थांबवलं, सातांचं चालू ठेवलं. दोन्हीकडे पानं सारखीच जळत राहिली. मग दोष पाण्यातच होता. नदी आटल्यापासून धुणंही न्हाणीतच होत होतं, आणि धुण्याचा सोडा काही वाळूत अडत नाही. बायकोने धुणं पुढच्या अंगणातल्या दगडावर नेलं. चार रोपं तोवर गेली होती. उरलेल्या नऊंना तांबूस पालवी फुटली, गोमूत्रवाल्यांना आधी.

वैशाखात आत्याला सांगलीला लेकीकडे जायचं होतं. निघताना तिने आपला डबा आणून आमच्या रांगेत ठेवला.

"गाळलेलंच घाल. पर गोमूत्र जरा जास्त घाल, म्हंजी सुद्ध हुईल."

"दहाला एकच, आत्या. जास्त झालं तर मरंल."

"बरं, एक. पर तांब्या भरून घाल."

पावसाळ्यात दहा रोपं औंधला गेली. देवाचं कोणतं, ते तोवर ओळखू येत नव्हतं.