रंगूनचा मंगळवारचा कोपरा

नागपूरच्या विमानतळावर बाबा रडले नाहीत. म्हणाले, "तू जा पश्चिमेला. मी रिटायर झालो की पूर्वेला जातो. रंगून, बगान, मंडाले." आमच्या विहारातल्या सगळ्यांचं ते जुनं स्वप्न. मरायच्या आधी श्वेडगॉनचा सोनेरी स्तूप डोळ्यांनी बघायचा.

चार वर्षांनी बाबा रिटायर झाले आणि विहारातल्या अकरा जणांची यात्रा ठरली. तोवर मी अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहराची झाले होते. आठवडाभर झुइडासच्या ऑफिसात कोडिंग, शनिवारी चौकात पत्रकं वाटणं. ब्रह्मदेशात लष्कर गावं जाळतंय आणि लोक बगानला सेल्फी काढतायत, हे मला सहन होईना. मराठीत पत्रक लिहिलं: तुमच्या व्हिसाच्या पैशातून गोळ्या येतात. विहाराच्या ग्रुपवर टाकलं. वर बाबांना फोनवर ऐकवलं की तुमची श्रद्धा कुणाच्या तरी रक्तातून चालत जाणार आहे. बापाशी असं बोलतात का? मी बोलले.

यात्रा रद्द झाली.

मी मोठ्या अभिमानानं थिडाला सांगितलं. थिडा माझ्याच टीममधली, रंगूनची. इथल्या लष्करविरोधी मोर्चातला तिचा फोटो छापून आला, तेव्हापासून तिला परत जाता येत नाही. वाटलं, मिठी मारेल. तिनं जेवणाचा डबा बंद केला. श्वेडगॉनला प्रत्येक वाराचा एक कोपरा असतो, म्हणाली. ज्या वारी जन्मलात, तिथल्या मूर्तीवर पाणी घालायचं. तिचा मंगळवार. आई तिच्या नावानं घालायची, पण आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही.

"तुझ्या बाबांना सांगणार होते मी. तू मला विचारलंस तरी का?"

नव्हतं विचारलं. तिच्या देशावर पत्रक लिहिलं, तिच्याच शेजारच्या खुर्चीत बसून.

ऑफिसातूनच बाबांना फोन लावला, जा म्हटलं. ते म्हणाले, "बेटा, तुझं पत्रक मी विहारात उभं राहून वाचून दाखवलं. आता कोणत्या तोंडानं चला म्हणू?"

पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही. लष्कर तेच आहे. पण इकडे आलेल्यांनो आणि तिकडे राहिलेल्यांनो, घराची आठवण आली तर मी तिकीट काढते. थिडाचं घर आता एवढंच उरलंय: एका मूर्तीवर तिच्या नावानं कुणीतरी ओतलेलं पेलाभर पाणी. अकरा जण जाणार होते. एकानं तरी ते ओतलं असतं.