ठकूबाईचा भारा

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. परवा पोशीरजवळ शेतात राब भाजल्याचा वास आला आणि आता टाळायचाही कंटाळा आला.

तेव्हा कॉलेजच्या ‘झाडं वाचवा’ शिबिरासाठी मी तिथे गेलो होतो. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला, तिथली शेतकरीण ठकूबाई ऐनाच्या झाडाच्या तोडून वाळवलेल्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. मी तो उतरवून शिबिरात नेला.

“अरं पोरा, झाड कुठं मारलंय? फांद्या पुन्हा फुटतात. राब नाय तर रोपं कशी व्हायची रं?”

आम्ही हसलो. भाऱ्याशेजारचा माझा फोटो पेपरात छापून आला. त्यावरच मला एका संस्थेने बोलावलं आणि पुढे आयुष्यभर मी जंगलांसाठी भाषणं देत फिरलो. तिची रोपं त्या साली विरळ आली, निम्मं शेत पडीक राहिलं. तो ऐन मात्र दुसऱ्याच वर्षी फुटला होता.

‘चूक माझी होती,’ एवढंच सांगायला मी एकदा तिच्या दारात गेलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. “लई मोठं सायेब झालात म्हनं तुमी,” म्हणाली.

मी पाणी प्यालो, मान हलवली आणि माझं ते वाक्य तसंच घेऊन परत आलो.