साडूभाऊंचं 'काय खरं न्हाई'

सांगतो, पण हे आपल्यातच ठेवा, कारण लातुरात माझी थोडीफार इज्जत अजून शिल्लक आहे.

तीन पत्ती खेळताना माणसं जी बडबड करतात ना, तिनं माझं डोकं उठतं. एक जण पान उघडायच्या आधी म्हणणार, "देवा, आज तरी." दुसरा म्हणणार, "कोणी पिसले पत्ते? हात बघू." आणि माझे धाकटे साडू, देगलूरचे, मान हलवून म्हणणार, "आपलं काय खरं न्हाई बघा."

पण कोण काय म्हणालं की हातात काय असतं, हे मी बरोबर ओळखतो. साडूभाऊंचं 'खरं न्हाई' आलं की पानं भारी, हा माझा शोध. आणि माझा चेहरा? भिंत. हार्डवेअरचं दुकान आहे आपलं, खरेदीचा भाव कुठल्या गिऱ्हाइकाला चेहऱ्यावरून कळू दिला नाही मी.

तर उदगीरला सासरी धाकट्या मेव्हण्याचं लग्न होतं, वरात मुदखेडला जायची. नवरदेवाच्या गाडीत पुढच्या सीटवर फेटा बांधून एक जावई बसतो, ही त्या घरची रीत. मी थोरला, म्हणजे विषयच संपला. पण साडूभाऊ म्हणाले, "थोरल्या मेव्हण्याच्या लग्नात तुम्हीच बसला होतात की."

आमची जुंपली तसे सासरे वैतागले. त्यांनी दोघांपुढं चिंचोके ओतले. "खेळा. ज्याचे संपतील त्यानं मागच्या टेम्पोत बँडवाल्यांसंगं यायचं."

मी मनातल्या मनात फेटा बांधूनसुद्धा घेतला.

पण झालं काय, मला चांगली पानं आली की साडूभाऊ लगेच पत्ते टाकायचे. भिकार पानं घेऊन मी दाबून खेळलो की हे हलायचे नाहीत. वर दर डावाला आपलं "काय खरं न्हाई". दर डावाला, म्हणजे पानं कसलीही असोत. माझा शोध तिथंच निकालात निघाला. चिंचोके सरकत सरकत त्यांच्याकडं.

आणि मग मला तीन राजे आले. तीन! मी अगदी सहज, साध्या आवाजात स्वयंपाकघराकडं बघून म्हणालो, "मामी, जरा चहा टाकता का?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "टाकते की. चांगली पानं आली वाटतं."

साडूभाऊंनी पत्ते खाली ठेवले.

"मामी, तुम्हाला कसं कळलं?"

"आता बघा, जावाईबापू. पानं चांगली आली की तुम्ही चहा मागता. लग्न झाल्यापासून. आमची पोरगी सांगून राहिली होती पहिल्याच दिवाळीत."

बायको पुऱ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

मी काही कच्चा नाही. आता हेच उलटं वापरायचं. पुढच्या डावाला दुर्री, पंजी, नव्वी, कशाचा कशाला मेळ नाही. मी उरलेले सगळे चिंचोके पुढं लोटले आणि ऐटीत म्हणालो, "मामी, चहा!"

साडूभाऊंचा हात पत्ते टाकायला निघालाच होता.

"जावाईबापू," आतून आवाज आला, "या खेपेला आवाज असा का येऊन राहिला? तब्येत बरी हाय ना?"

साडूभाऊंचा हात थांबला. "शो," ते म्हणाले. त्यांच्याकडं चौक्यांची जोडी होती. तेवढी पुरली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर त्यांचा फेटा डुलत होता आणि मी टेम्पोत, ढोलाला टेकून. सनईवाल्यानं विचारलं, "थोरले जावई ना तुम्ही? हितं कसे?"

मी छाती काढली. भिंतीसारखा चेहरा केला. म्हणालो, "मीच सोडला मान. धाकट्याला पुढं करायचं म्हणजे मन मोठं लागतं."

त्यानं सनई बाजूला ठेवली आणि खांद्यावर हात टाकत म्हणाला, "लई लागलं का, मालक?"